वजनं उचलताना शरीरात नेमकं काय होतं? शरीररचना आणि व्यायामशास्त्राचे पायाभूत शब्द

कडेकपारी

नमस्कार मंडळी,

जिम लावली की पहिल्या आठवड्यातच शब्दांचा मारा सुरू होतो. लॅट्स, ग्लूट्स, कोअर, सेट, रेप, फेल्युअर, हायपरट्रॉफी. ट्रेनर बोलतो, आपण मान डोलावतो आणि शेजारचा करतोय तसं करत राहतो. चाळिशीनंतर वजनाचा व्यायाम सुरू करणाऱ्याने तरी एवढ्यावर समाधान मानू नये असं मला मनापासून वाटतं. मोजक्या गोष्टी नीट समजल्या, तर नवा व्यायाम समोर आल्यावर तो कशासाठी आहे आणि आपल्याला झेपेल का, हे आपलं आपल्याला ठरवता येतं.

सुरुवात मी करतो. प्रौढ माणसाच्या शरीरात २०६ हाडं. दोन हाडं भेटतात तो सांधा. हाडाला हाडाशी बांधून ठेवतो तो अस्थिबंध, ज्याला जिममध्ये लिगामेंट म्हणतात. स्नायूचं टोक हाडात रुजवते ती कंडरा, म्हणजे टेंडन. टाचेच्या वर बोटांनी चिमटीत धरता येते ती जाड दोरी ही शरीरातली सगळ्यात दणकट कंडरा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. स्नायूला फक्त ओढता येतं, ढकलता कधीच येत नाही. दंड मारताना आपण जमीन ढकलतो असं वाटतं, पण आत ट्रायसेप्स कोपराचं मागचं टोक ओढून हात सरळ करत असतो. म्हणून स्नायू सांध्याच्या दोन्ही बाजूंना असतात. बायसेप्स कोपर मिटतो, ट्रायसेप्स उघडतो.

त्यामुळे माझं मत असं, की स्नायूंची नावं नंतर. आधी विचारावं, कुठला सांधा हलतोय? वजन वर जाताना तो मिटतोय की उघडतोय? मग काम कोण करतंय ते आपोआप कळतं. तुम्हाला कुठली गोष्ट समजल्यावर व्यायामात खरा फरक पडला?

आणि एक नेमका प्रश्न. स्क्वॉटमध्ये, म्हणजे गुडघे वाकवून खाली बसून उठताना, गुडघा पायाच्या बोटांपुढे जाता कामा नये, असं एक ट्रेनर बजावतो. दुसरा म्हणतो, जाऊ दे. कुणाचं ऐकावं?

शेवगा

झकास धागा. बेटकुळीच्या मागेसुद्धा दंड असतो, हे जिममधल्या निम्म्या पोरांना कुणीतरी सांगा! दंडाच्या जाडीत मोठा वाटा ट्रायसेप्सचा, आणि पोरं सोमवारी बायसेप मारतात, गुरुवारी परत बायसेप मारतात.

फिजिओ_नाशिक

कडेकपारी, ‘सांधा मिटतोय की उघडतोय’ हा प्रश्न मी रुग्णांनाही विचारायला शिकवते. त्यात एक भर घालते. स्नायू तीन तऱ्हेने काम करतो. डंबेल वर नेताना बायसेप्स आखडत जातो, ते कॉन्सेंट्रिक. तेच डंबेल सावकाश खाली आणताना तो लांबत जातो, पण सुटत नाही, ताण धरून ठेवतो. ते इसेंट्रिक. आणि मध्येच थांबून धरून ठेवलंत, तर लांबी तीच राहते, ते आयसोमेट्रिक.

बहुतेकांच्या व्यायामातला अर्धा भाग वाया जातो, कारण वजन वर नेलं की ते खाली टाकून देतात. खरं तर इसेंट्रिकमध्ये स्नायू जास्त बळ धरू शकतो. उचलता येईल त्याहून जड वजन आपण सावकाश खाली आणू शकतो. म्हणून नव्या माणसाला मी सांगते, वर जाताना एक आकडा मोजा, खाली येताना दोन-तीन मोजा. टेंडनच्या कित्येक जुनाट दुखण्यांत आम्ही याच उतरत्या टप्प्याचा उपयोग करतो.

दुसरी गोष्ट मोटर युनिट. मज्जारज्जूतून निघालेली एक चेतापेशी आणि ती हुकूम देते ते सगळे स्नायुतंतू, हे एक युनिट. डोळा हलवणाऱ्या स्नायूत एका पेशीच्या वाट्याला मोजकेच तंतू येतात, पोटरीत हजाराच्या वर. हलकं काम असेल तर मेंदू आधी लहान युनिटं कामाला लावतो, भार वाढला की मोठी. हा क्रम एलवुड हेनेमन यांनी दाखवून दिला. त्यामुळे मोठे, ताकदीचे तंतू जागे करायचे असतील तर एकतर भार जड हवा, नाहीतर हलका भार थकेपर्यंत उचलायला हवा.

पहिल्या काही आठवड्यांत ताकद भराभर वाढते आणि आरशात काहीच दिसत नाही, त्याचंही कारण इथेच आहे. तेव्हा स्नायू जाड झालेला नसतो, मेंदू ही युनिटं नीट बोलवायला शिकलेला असतो. लोक नेमके याच टप्प्यावर ‘फरक पडत नाही’ म्हणून सोडून देतात. फार वाईट वाटतं.

लालमाती

वाचून बरं वाटलं, पण थोडं विरोधात बोलतो. आमच्याकडे कोल्हापुरात तालमीत ह्यातला एक शब्दही न उच्चारता पैलवान घडले. जोर, बैठका, सपाट्या, करेला (फिरवायचा जड लाकडी मुद्गल), दोर चढणं, आखाड्याच्या मातीचा हौद उकरणं. वस्ताद सांगेल तेवढं करायचं आणि खुराक खायचा. खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन आले, ते ह्याच मातीतनं तयार होऊन. शब्दांनी ताकद येत नाही, घामानं येते.

वाटाड्या

@लालमाती, घामाबद्दल दुमत नाही. पण वस्तादाच्या डोक्यात हे सगळं होतंच की. कुणाला किती जोर, कुणाला आराम, कुणाला आधी माती उकरायला लावायची, हे तो पोर बघून ठरवायचा. आपल्यातल्या बहुतेकांच्या नशिबी वस्ताद नाही. महिन्याची फी भरलेली मशिनं आणि कानात हेडफोन घातलेला ट्रेनर आहे. म्हणून शब्द हवेत.

माझ्यासाठी खरा फरक पडला तो प्रोग्रेसिव्ह ओव्हरलोड समजल्यावर. शरीर कालच्या भाराला सरावलं की त्यापेक्षा थोडं जास्त मागायचं. वजन वाढवा, नाहीतर रेप, म्हणजे किती वेळा उचलता तो आकडा, वाढवा, नाहीतर तेच वजन आणखी खालपर्यंत न्या. कुठल्या तरी बाजूने वाढ हवी.

ह्याला शास्त्रात पक्की जागा मिळवून दिली थॉमस डीलॉर्म नावाच्या अमेरिकन लष्करी डॉक्टरने. दुसऱ्या महायुद्धात जखमी झालेले सैनिक शिकागोच्या गार्डिनर जनरल हॉस्पिटलमध्ये होते. तेव्हा गुडघ्याच्या दुखापतीनंतर हलका, लांबलचक व्यायाम देण्याची पद्धत होती. डीलॉर्म स्वतः वजनं उचलणारा. त्याने उलट केलं, जड वजन दिलं आणि ते हळूहळू वाढवत नेलं. १९४५ साली त्याने हे छापलं. पुढे १९४८ मध्ये वॉटकिन्ससोबत तीन सेटची पद्धत मांडली. न थांबता केलेल्या रेपचा गट म्हणजे एक सेट. दहा वेळा जेमतेम उचलता येईल ते वजन शोधायचं. पहिला सेट त्याच्या निम्म्यावर, दुसरा पाऊण, तिसरा पूर्ण, प्रत्येकी दहा रेप. आज ट्रेनर डोळे मिटून ‘तीन सेट, दहा रेप’ सांगतो, त्यात ह्या पद्धतीचा मोठा वाटा आहे.

शेवगा

म्हणजे ‘थ्री बाय टेन’ लष्करातून आलंय! उगाच नाही आमचा ट्रेनर शिट्टी घेऊन फिरत.

रात्रपाळी

मध्येच एक शंका. परवा लंजेस केले, एक पाय पुढे टाकून खाली बसायचं ते. काल ठीक होतो. आज अंग असं आंबलंय की जिना चढता येतो, पण उतरता येत नाही. हे लॅक्टिक अ‍ॅसिड साठल्यामुळे ना? आणि आज जायचं की नाही?

फिजिओ_नाशिक

नाही, लॅक्टेटचा ह्यात दोष नाही. ते व्यायाम थांबल्यावर तासाभरात बहुतांशी निघून जातं, आणि मुळात ते इंधन म्हणून वापरलंही जातं. हृदयसुद्धा ते वापरतं. तुमचं दुखणं उशिरा येणारं आहे, साधारण २४ ते ७२ तासांत शिगेला पोचतं. नव्या किंवा जास्त ताणामुळे तंतूंच्या आत सूक्ष्म इजा होते आणि तिथे दाह होतो, त्याचं हे दुखणं.

जिना उतरताना का दुखतं ते मात्र तुमच्या लक्षात यायला हवं. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू लांबत लांबत शरीराचं वजन धरतो. म्हणजे इसेंट्रिक! लंजमध्येही खाली जाताना तेच झालं होतं.

आज चाला, पाठ-खांद्याचा व्यायाम करा, मांड्यांना एक-दोन दिवस द्या. तोच व्यायाम पुन्हा केलात की दुखणं पहिल्यापेक्षा बरंच कमी असेल. आणि दुखलं म्हणजेच व्यायाम लागू पडला, असंही समजू नका. न दुखताही ताकद वाढते. लघवी चहासारखी गडद झाली किंवा सूज खूप आली तर मात्र वाट बघायची नाही, थेट डॉक्टर गाठायचा.

रात्रपाळी

धन्यवाद! जिना उतरतोय, उलटा.

तुळशीवृंदावन

मी बासष्ट वर्षांची आहे, सगळ्यांचं वाचते आहे. आमच्या वयात ह्या शब्दांचं काय करायचं? डॉक्टर म्हणाले, चालणं पुरेसं नाही, वजनाचा व्यायाम करा. घरातले म्हणतात, आता कशाला, काहीतरी मोडून बसशील.

अनघा_एडिसन

ताई, घरच्यांना हे वाचून दाखवा.

हाड म्हणजे गवंड्याने बांधून सोडलेली भिंत नव्हे. जिवंत हाड आयुष्यभर मोडत आणि बांधत राहतं, आणि जिथे भार पडतो तिथे जास्त बांधतं. जर्मन शल्यविशारद युलियस वोल्फ यांनी १८९२ मध्ये हे मांडलं. रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन कमी झालं की मोडणं जोरात आणि बांधणं मागे पडतं. हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीत टी-स्कोअर उणे १ ते उणे २.५ च्या मध्ये असेल तर हाडं विरळ होऊ लागली आहेत, उणे २.५ किंवा त्याखाली असेल तर ऑस्टिओपोरोसिस.

माझा स्वतःचा स्कोअर घसरल्यावर मी ह्यावर खूप वाचलं. ऑस्ट्रेलियात ग्रिफिथ विद्यापीठात हाडं विरळ झालेल्या, रजोनिवृत्त झालेल्या शंभरेक बायकांवर एक अभ्यास झाला, २०१८ मध्ये छापून आला. अर्ध्या बायकांना आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास, देखरेखीखाली डेडलिफ्ट (जमिनीवरचं वजन उचलून ताठ उभं राहणं), स्क्वॉट, डोक्यावर वजन उचलणं आणि उड्या दिल्या. वजनही हलकं नव्हतं, जास्तीत जास्त उचलता येईल त्याच्या ८५ टक्क्यांच्या वर. आठ महिन्यांनी त्यांच्या कमरेच्या मणक्यांची घनता सुमारे ३ टक्क्यांनी वाढली. दुसऱ्या गटात घरी हलका व्यायाम होता, त्यांची साधारण १ टक्क्याने घटली. चालण्याने हृदयाला फायदा आहेच, पण हाडाला भार ओळखू यावा लागतो.

मात्र ‘देखरेखीखाली’ हा शब्द विसरू नका. त्या बायकांनीही पहिला महिना हलक्या वजनावर नुसत्या हालचाली शिकण्यात घालवला होता. इथे माझ्या गटात आम्ही चार-पाच मराठी बायका आहोत. पहिल्यांदा काठी हातात घेऊनच कमरेतून वाकायला शिकलो.

वाटाड्या

ताई, आणखी एक. वयाबरोबर स्नायू झिजण्याला सार्कोपेनिया म्हणतात. १९९० साली बॉस्टनच्या एका वृद्धाश्रमात सरासरी नव्वदी गाठलेल्या दहा जणांना आठ आठवडे पायांचा वजनाचा व्यायाम दिला होता. मांडीची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, म्हणजे जवळपास पावणेतीन पट झाली. तुम्ही तर बासष्टच्याच आहात!

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीतही आठवड्यातून किमान दोन दिवस सगळ्या मोठ्या स्नायूंचा ताकदीचा व्यायाम सांगितला आहे. पासष्टीनंतर तीन दिवस तोल सांभाळण्याचाही.

तुळशीवृंदावन

घरच्यांना वाचून दाखवलं. सून म्हणाली, ‘आई, मीपण येते.’ पण मला रक्तदाबाची गोळी आहे. जड उचलताना श्वास कोंडतो, ते चालेल का?

फिजिओ_नाशिक

अगदी योग्य प्रश्न विचारलात.

पोट म्हणजे नुसते पुढचे सिक्स पॅक नव्हेत. वर श्वासपटल, खाली ओटीपोटाच्या तळाचे स्नायू, पुढे-बाजूला कंबरपट्ट्यासारखा आडवा गेलेला ट्रान्सव्हर्सस अ‍ॅब्डॉमिनिस आणि मागे मणक्यांना चिकटलेले छोटे स्नायू. ह्या सगळ्यांनी मिळून घेरलेली जागा म्हणजे कोअर. श्वास भरून घेऊन हे चारी बाजूंनी आवळलं की आत दाब तयार होतो आणि कणा स्थिर राहतो. जड वजन उचलणारे घसा बंद करून हा दाब मुद्दाम वाढवतात. त्याला वालसाल्व्हा म्हणतात, १७०४ साली ते वर्णन करणाऱ्या इटालियन शरीररचनाकाराच्या नावावरून.

पण त्या क्षणी रक्तदाबही झपकन वर जातो. म्हणून रक्तदाब, काचबिंदू, हर्निया, नुकतंच झालेलं ऑपरेशन असणाऱ्यांनी श्वास कोंडायचा नाही. जोर लावताना तोंडाने सावकाश सोडायचा, वजन खाली येताना घ्यायचा. पोट घट्ट ठेवून श्वास चालू ठेवता येतो, सरावाने जमतं. ताई, तुम्ही रक्तदाब नीट ताब्यात आहे ना हे डॉक्टरांकडून पाहून घ्या आणि हलक्या वजनापासून सुरू करा. सुनेला जरूर घेऊन जा.

शेवगा

क्रंचेस करून पोट जातं का? विचारणारा मित्र आहे, तो समोरच वडा खातोय.

अनघा_एडिसन

नाही. क्रंचेसने पोटाचे स्नायू बळकट होतात. वरची चरबी कुठून कमी व्हायची ते शरीर ठरवतं, आपण नाही. मित्राला वडा संपवू द्या, मग आठवड्याच्या एकूण खाण्याकडे बघायला सांगा.

रात्रपाळी

खाण्यावरून आठवलं. शाकाहारी माणसाला प्रोटीन पुरतं का? पावडरवाले तर मागेच लागलेत.

वाटाड्या

आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, २०२० मध्ये साध्या प्रौढासाठी दिवसाला किलोमागे ०.८३ ग्रॅम सांगितलंय. वजनाचा व्यायाम करणाऱ्याला जास्त लागतं. संशोधनाचा गोषवारा साधारण १.६ ग्रॅमच्या आसपास येतो, त्यापुढे फारसा वाढीव फायदा दिसत नाही. म्हणजे साठ किलोच्या माणसाला शंभर ग्रॅमच्या आतबाहेर.

घरच्या ताटात बघा. १०० ग्रॅम कोरड्या तूरडाळीत बावीसेक ग्रॅम प्रोटीन असतं, पण आपण वाटीभर वरणात डाळ किती घालतो? त्या वाटीतून सहा-सात ग्रॅमच मिळतात. सोया चंक्स कोरडे १०० ग्रॅम घेतले तर ५० च्या वर. पनीर अठराच्या आसपास, अंड्यात सहा. दूध, दही, फुटाणे, मोडाची उसळ, शेंगदाणे मिळून होतं, पण ठरवून खावं लागतं. पावडर हे अन्नच आहे, ना जादू ना विष. ताटातून पुरत असेल तर नको. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मात्र डॉक्टरला विचारल्याशिवाय प्रोटीन वाढवू नका.

लालमाती

आमच्या खुराकात दूध, बदाम, थंडाई, तूप, मटण. पैलवान दिवसभर कष्ट करतो म्हणून ते जिरतं. खुर्चीत बसून पैलवानाचा खुराक खाऊ नये, एवढं वस्तादाचं ऐका.

आता मुद्द्याचं. बैठका शेकड्यानं मारणाऱ्याच्या मांड्या बघा. कुठलं एक आरएम न् काय. वजन वाढवलंच पाहिजे, हे मला अजून पटलेलं नाही.

फिजिओ_नाशिक

@लालमाती, तुमचा मुद्दा मोलाचा आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

व्यायामशास्त्रात स्पेसिफिसिटी म्हणतात. शरीर ज्या मागणीला सामोरं जातं त्यातच तरबेज होतं. शेकड्याने बैठका मारल्या की दमसास वाढतो, मांडीचे स्नायू आणि पोटरी खूप वेळ काम करू शकतात. कुस्तीत तो लागतोच. पण एकदाच खूप जड उचलायची ताकद, जिला वन रेप मॅक्स, म्हणजे तुमचं ते एक आरएम, म्हणतात, ती फक्त बैठकांनी एका मर्यादेपर्यंतच येते. पैलवानाला ती येते, कारण तो रोज सत्तर-ऐंशी किलोच्या जोडीदाराला उचलून आपटतो! तोच त्याचा जड भार.

आणि तालमीकडे सांध्यांच्या नजरेने पाहिलं तर तिची रचना किती पक्की आहे ते कळतं. जोर-सपाट्यांत ढकलणं येतं, छाती, ट्रायसेप्स आणि खांद्याचा पुढचा भाग. बैठकांत गुडघा. पण नुसतं एवढंच केलं तर पाठ राहून जाते, ओढण्याचं काम होतच नाही. ते भरून काढतो दोर आणि मल्लखांब. हात वरून खाली ओढणारा लॅटिसिमस डॉर्सी, ज्याला जिममध्ये विंग्स म्हणतात, तो तिथे घडतो. मल्लखांबात मांडीच्या आतले, पाय जवळ आणणारे स्नायूही. फावड्याने हौद उकरताना कमरेतून वाकून पुन्हा ताठ होणं, म्हणजे खुब्याचा सांधा, ग्लूट्स म्हणजे नितंबांचे स्नायू आणि हॅमस्ट्रिंग म्हणजे मांडीच्या मागचे. करेल्यात फऱ्याचं हाड आणि खांद्याच्या आतले चार छोटे स्नायू, ज्यांना मिळून रोटेटर कफ म्हणतात. हात पूर्ण वर जातो तेव्हा १८० अंशांपैकी साधारण ६० अंश फराच फिरून देतो. ज्याचा फरा अडकलेला त्याचा खांदा दुखणारच.

घरी फक्त जोर-बैठका मारणारा माणूस तालमीचा व्यायाम करत नाही, तालमीतला निम्मा व्यायाम करतो.

लालमाती

हौद उकरण्याचं बरोबर पकडलंत. नव्या पोराला वस्ताद आधी तेच लावायचा. ताक, हळद, तेल, लिंबू घातलेली माती जड होते, फावडं रुतत नाही. पहिले काही दिवस पोर कमरेतनं गळून पडायचं. तेव्हा वाटायचं, फुकट राबवून घेतात.

वजनाबद्दल मात्र अजून बोलू आपण. पोरांचं वय लहान असेल तर आधी स्वतःच्या अंगाचं वजन पेललं पाहिजे, ह्यावर मी ठाम आहे.

फिजिओ_नाशिक

त्यावर माझंही तेच मत.

सह्यगामी

फक्त वाचक होतो, आता लिहितो. मला ट्रेकला उतरताना गुडघ्याची वाटी दुखते. कडेकपारींच्या प्रश्नाचं उत्तर मलाही हवंय. बोटांपुढे गुडघा जायचा की नाही?

फिजिओ_नाशिक

गप्पांत ते राहिलंच.

पाण्याने भरलेली बादली अंगाजवळ धरली तर सहज धरता येते, हात लांब करून धरली तर खांदा भरून येतो. बादली तीच. सांध्यापासून भाराच्या रेषेपर्यंतचं अंतर वाढलं, त्याला मोमेंट आर्म म्हणतात. स्क्वॉटमध्ये भाराची रेषा पावलाच्या मध्यावर ठेवावी लागते, नाहीतर तोल जातो. गुडघा पुढे गेला की गुडघ्याचं अंतर वाढतं, मांडीच्या पुढच्या स्नायूला काम जास्त. गुडघा मागे रोखला की नितंब मागे जातात, धड पुढे झुकतं, खुब्याचं आणि कमरेचं अंतर वाढतं.

२००३ साली हे मोजलं गेलं. फळी लावून गुडघा बोटांपुढे जाऊ दिला नाही, तेव्हा गुडघ्यावरचा ताण कमी झाला, पण खुब्यावरचा कितीतरी पटीने वाढला आणि धड जास्त वाकलं. म्हणजे भार नाहीसा होत नाही, एका सांध्यावरून दुसऱ्यावर सरकतो. लांब मांडीच्या माणसाचा गुडघा खोल बसताना पुढे जाणारच. जिना उतरतानाही तो बोटांपुढे जातोच ना?

त्यामुळे दोन्ही ट्रेनर एकेका माणसासाठी बरोबर असू शकतात. निरोगी गुडघ्याला पुढे जाऊ द्या, टाच जमिनीवर राहू द्या, गुडघा पावलाच्या दिशेतच ठेवा. सह्यगामींसारखी वाटी दुखत असेल तर सध्या कमी खोल, नितंब मागे नेऊन, खुर्चीवर बसल्यासारखा स्क्वॉट करा. मग दुखणं न वाढवता आठवड्यागणिक खोली वाढवा. बुटक्या पायरीवरून एका पायाने सावकाश खाली उतरण्याचा सराव तुमच्यासाठी फार उपयोगी, उताराची तयारी तीच. गुडघा सुजत असेल, अडकत असेल किंवा अचानक सुटत असेल तर आधी तपासून घ्या.

लालमाती

बैठकीत तर टाच उचलते आणि गुडघा पार पुढं जातो. पण ते लहानपणापासनं अंगात मुरलेलं असतं. चाळिशीत एकदम शंभर मारायला जाऊ नका.

कडेकपारी

मला हेच उत्तर हवं होतं. माझी मांडी लांब आहे आणि पहिल्या ट्रेनरच्या सूचनेनुसार बसलं की कंबर भरून येते. आता उलगडा झाला. पुढच्या वेळी नियम सांगितला गेला की भार कुठल्या सांध्यावर सरकतोय ते मी आधी विचारणार.

तुळशीवृंदावन

सून आणि मी सोमवारपासून जाणार आहोत. वजन किती घ्यायचं ते कसं ठरवायचं, एवढं कुणी सांगा. टक्केवारी माझ्याच्याने व्हायची नाही.

वाटाड्या

ताई, टक्केवारी लागतच नाही. सेट संपल्यावर स्वतःला विचारायचं, अजून किती वेळा नीट उचलता आलं असतं? ह्याला रेप्स इन रिझर्व्ह म्हणतात. दहा वेळा उचलून अजून सात-आठ सहज झाले असते तर वजन फार हलकं. एकही झालं नसतं तर सध्या फार जड. सुरुवातीला तीन-चार शिल्लक राहतील असं वजन घ्या, अंगवळणी पडल्यावर दोन-तीन शिल्लक ठेवा. हालचाल वेडीवाकडी झाली की तो रेप धरायचा नाही.

आठवड्यातून दोन दिवस. एक खुर्चीतून उठण्या-बसण्याचा व्यायाम, एक कमरेतून वाकून उचलण्याचा, एक ढकलण्याचा, एक ओढण्याचा आणि शेवटी दोन हातांत वजन घेऊन थोडं चालणं. एवढ्यात सगळं अंग येतं. वहीत तारीख, वजन आणि रेप लिहून ठेवा, नाहीतर वाढ होते आहे की नाही ते कळत नाही.

रात्रपाळी

दोन सेटच्या मध्ये किती थांबायचं? आमच्याकडे मशिनसाठी रांग असते, मिनिटभर थांबलं तरी लोक बघतात.

फिजिओ_नाशिक

जड, मोठ्या हालचालींना दोन-तीन मिनिटं. स्नायूत लगेच वापरायचं इंधन, एटीपी आणि क्रिएटिन फॉस्फेट, जोराच्या कामाला दहाएक सेकंदच पुरतं आणि बऱ्यापैकी भरून यायला तीनेक मिनिटं लागतात. त्याआधी उचललं तर रेप कमी होतात, स्नायूला हवा तेवढा भारच मिळत नाही. बायसेप्ससारख्या छोट्या व्यायामाला मिनिट-दीड मिनिट चालतं.

रांगेवर उपाय म्हणजे आलटून पालटून करा. ढकलण्याचा एक सेट, थोडा दम घेऊन ओढण्याचा एक. एकाचे स्नायू काम करत असतात तेव्हा दुसऱ्याचे विश्रांती घेतात. आणि मशीन मोकळं करून दिलंत की लोकही बघणार नाहीत.

तुळशीवृंदावन

वही आणली. सुनेने दोघींचे रकाने आखलेत.